‘मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय’ म्हणणाऱ्याशी कसं वागायचं

गेल्या पावसाळ्यात वाईचे एक निवृत्त गुरुजी कापडी पिशवीत लॅपटॉप घालून एसटीने साताऱ्याला आले. पोवई नाक्याजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पिशवी काउंटरवर ठेवून म्हणाले, “अरे, यातला व्हायरस पुरता गेलाय का, तेवढं बघ. त्यांनी काढलाय म्हणून सांगितलं, पण परवापासून जिवाला चैन नाही.”

“त्यांनी म्हणजे कोणी, गुरुजी?”

“मायक्रोसॉफ्टवाल्यांनी.”

झालं होतं ते असं. प्रिंटर चालेना म्हणून गुरुजींनी प्रिंटरच्या मदतीचा नंबर गूगलवर शोधला आणि सगळ्यात वर आलेली लिंक दाबली. पडदाभर निळी पाटी आली, भोंगा वाजायला लागला. ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, बंद करू नका, या नंबरवर ताबडतोब फोन करा.’ गुरुजींनी केला. पलीकडचा मुलगा हिंदीतून, अगदी अदबीने बोलत होता. त्याने एक ॲप उतरवून घ्यायला लावलं, त्यावर दिसणारा आकडा विचारून घेतला आणि पुढचा पाऊण तास गुरुजी आपल्याच लॅपटॉपवर दुसऱ्याच्या हातातला माउस फिरताना बघत बसले. शेवटी दोन वर्षांच्या ‘सुरक्षा कवचा’चे १४,९९९ रुपये यूपीआयने गेले.

लॅपटॉपमध्ये व्हायरस नव्हता. त्याआधीही नव्हता. प्रिंटरची केबल सैल झाली होती.

आता गुरुजी काही भोळे नाहीत. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, भाजीवाल्याचा हिशेबही मनातल्या मनात तपासणारा. ते फसले, कारण पडद्यावर जे दाखवलं गेलं ते खरोखरच तिथे होतं. त्याचा अर्थ तेवढा खोटा सांगितला गेला. म्हणून ‘अनोळखी फोन उचलू नका’ हा सल्ला मी फारसा देत बसत नाही. फोन उचलले जातातच. त्यांचा खेळ एकदा आपल्याच हाताने करून बघावा, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. एकदा केलात की तो फोनवर चालत नाही.

आधी घरी, स्वतःच्या हाताने

अर्धा तास काढा. विंडोजचा कुठलाही धडधाकट कॉम्प्युटर चालेल, अगदी नवा कोरा असला तर उत्तमच. खाली जे सांगतोय त्याने काही बिघडत नाही, नुसतं दिसतं.

पहिला खेळ नंबराचा. स्टार्टमध्ये सी-एम-डी ही तीन अक्षरं टाइप करून एंटर दाबा. काळी चौकट उघडेल. तिच्यात ए-एस-एस-ओ-सी एवढंच लिहून पुन्हा एंटर. ओळींचा लोंढा वाहत जाईल. तो थांबला की अगदी शेवटाशी झेड-एफ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ दिसेल आणि तिच्यापुढे महिरपी कंसात एक लांबलचक नंबर, ‘८८८-डीसीए-६०’ असा सुरू होणारा. ठग फोनवर म्हणतो, “सर, हा तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त लायसन्स नंबर आहे. जगात फक्त तुमच्याकडे आणि आमच्या सर्व्हरवर आहे. मी वाचतो, तुम्ही पडताळा.” आणि तो बिनचूक वाचतो. इथे माणूस शरण जातो. गुरुजीही इथेच गेले होते.

मी दुकानातला विकायला ठेवलेला नवा लॅपटॉप त्यांच्यासमोर चालू केला, तीच अक्षरं टाकली आणि दोन्ही पडदे शेजारी शेजारी ठेवले. गुरुजींनी चष्मा वर केला, बोटाने एकेक अक्षर पडताळलं. सारखंच. मग दुरुस्तीला आलेल्या तिसऱ्या मशीनवर. तिथेही तेच. थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, “म्हणजे सगळ्यांचं गोत्र एकच की रे!”

अगदी तसंच आहे. फाइलवर राइट क्लिक केल्यावर ती झिप करून पाठवायची जी सोय येते, तिची ही अंतर्गत खूण आहे. जगभरच्या विंडोजवर ती एकच.

दुसरा खेळ लाल फुल्यांचा. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधून उघडा. डावीकडे ‘कस्टम व्ह्यूज’ आणि त्याखाली ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स’. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी, कधी हजारांनी. ठग म्हणतो, ही प्रत्येक लाल खूण म्हणजे एक व्हायरस. वस्तुस्थिती अशी की ही कॉम्प्युटरची रोजनिशी आहे. वायफाय दोन सेकंद तुटलं, प्रिंटर सापडला नाही, एखादी सेवा उशिरा सुरू झाली, सगळं तिथे टिपलं जातं. त्यातही ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स’ ही यादी मुळात चुका आणि इशारेच वेगळे काढून दाखवण्यासाठी केलेली आहे. शाळेच्या हजेरीपटातून फक्त गैरहजर मुलांची नावं वाचली तर शाळा ओसच वाटणार. माझ्या स्वतःच्या मशीनवर आज सकाळी बघितलं तर हजारावर नोंदी होत्या, आणि त्याच मशीनवर हा लेख लिहितोय.

तिसरा खेळ ‘परदेशी हॅकरां’चा. त्याच काळ्या चौकटीत एन-ई-टी-एस-टी-ए-टी लिहा. एक तक्ता येईल, त्यातल्या एका रकान्याचं नाव ‘फॉरेन ॲड्रेस’. ठग सांगतो, बघा, परदेशातून इतके लोक तुमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसलेत. इथे फॉरेनचा अर्थ ‘पलीकडचा’ एवढाच. तुम्ही बातमीची साइट उघडलीत, तुमचं ईमेल चालू आहे, विंडोज अपडेट शोधतंय, त्या सगळ्यांचे पत्ते ते. शेजारच्या बिल्डिंगमधला कॉम्प्युटर असला तरी तो फॉरेनच.

चौथा खेळ मला जरा हुशारीचा वाटतो. टी-आर-ई-ई लिहून एंटर दाबा. फोल्डरांची नावं धडाधड वर सरकू लागतात, सिनेमातल्या हॅकरसारखी. ठग याला ‘स्कॅन’ म्हणतो. यादी पळत असताना तो गुपचूप ‘व्हायरस सापडला, सुरक्षा संपली’ असं काहीतरी टाइप करून ठेवतो. यादी संपली की ती अक्षरं तळाशी उमटतात आणि बघणाऱ्याला वाटतं, कॉम्प्युटरनेच निकाल दिला. तुम्हीही करून बघा. यादी पळत असताना आपलं नाव टाइप करा. शेवटी कॉम्प्युटर तुमचं नाव ‘शोधून काढेल’.

बंद पडलेल्या सेवांची यादी दाखवणं, ‘प्रीफेच’ नावाचं फोल्डर उघडून त्यातल्या फाइलींना किडे म्हणणं, हे आणखी किरकोळ प्रकार. विंडोजमध्ये कितीतरी सेवा गरज पडेपर्यंत बंदच असतात, आणि ‘प्रीफेच’ हे फोल्डर, प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून, विंडोजनेच ठेवलेलं असतं.

पडदाभर पाटी आली तर

ती पाटी म्हणजे एक वेबपेज असतं, एवढं लक्षात ठेवलं की निम्मी भीती जाते. त्याने पूर्ण पडदा व्यापलेला असतो, आवाज लावलेला असतो, कधी माउसचा बाणही लपवलेला असतो. कॉम्प्युटर लॉक वगैरे झालेला नसतो.

आवाज बंद करा. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, बहुतेक वेळा पूर्ण पडदा सुटतो आणि वरची फुली दिसते. नाही सुटला तर एफ-११. तरीही नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात क्रोम किंवा एज जो ब्राउझर असेल तो निवडून ‘एंड टास्क’. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप. यातलं काहीच आठवलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बंद होईल. जतन न केलेलं पत्र जाईल, बाकी काही जाणार नाही. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारेल, त्याला नाही म्हणा. नाहीतर तीच पाटी पुन्हा दारात.

खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. विंडोजच्या एरर संदेशात आम्ही कधीही फोन नंबर देत नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. पाटीवर नंबर आहे म्हणजे पाटी खोटी. याला अपवाद शोधत बसू नका.

दुसऱ्या एका प्रकाराबद्दल माझ्याकडे आठवड्याला दोन-तीन जण तरी येतात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात छोट्या चौकटी उगवत राहतात, ‘अँटिव्हायरस संपला’, ‘पाच व्हायरस सापडले’. लोकांना वाटतं, मशीन फॉरमॅट करावं लागणार. खरं कारण साधं असतं. कधीतरी कुठल्यातरी साइटने ‘नोटिफिकेशन पाठवू का’ विचारलं आणि आपण ‘अलाऊ’ दाबलं. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, आणि एवढ्यासाठी कोणी फॉरमॅटचे पैसे मागितले तर दुकान बदला.

फोन आला तर

ठेवून द्या. मायक्रोसॉफ्ट, इंटरनेटवाले किंवा अँटिव्हायरसवाले तुमच्या कॉम्प्युटरमधली गडबड ओळखून आपणहून फोन करत नाहीत. तुमच्या घरातला कॉम्प्युटर बिघडलाय, हे त्यांना कळायला मार्गच नाही.

आपल्या लोकांना फोन ठेवणं जड जातं. समोरचा ‘सर’, ‘मॅडम’ करतोय, मध्येच तोडायचं कसं? गुरुजी मला म्हणाले, “तो इतका नम्र होता की मलाच ओशाळल्यासारखं झालं.” तेव्हा एक वाक्य तयार ठेवा: “मुलाला विचारून सांगते.” मूल असो वा नसो. खरा माणूस ‘बरं, सावकाश विचारा’ म्हणेल. ठग लगेच घाईला येतो. आत्ता नाही केलं तर डेटा उडेल, इंटरनेट कायमचं बंद होईल, पोलिसांकडे नोंद जाईल. कोणाला सांगू नका, हॅकर ऐकतोय, असंही म्हणतो. घाई आणि गुपित, या दोन्ही गोष्टी एका फोनमध्ये आल्या की पुढचं ऐकायची गरज नाही.

काही तरुण मंडळी मजा म्हणून त्यांच्याशी खेळत बसतात. नका करू. ते तुमचा आवाज, नाव, घरात कोण कधी असतं, हे गोळा करतात, आणि चिडले की रात्री-अपरात्री फोन लावत राहतात.

खरंच मदत हवी असेल तर नंबर बिलावर, वॉरंटी कार्डावर किंवा खोक्यावर बघा. बँकेचा कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो. गूगलवर वर दिसणारी लिंक ही बऱ्याचदा जाहिरात असते, आणि जाहिरात पैसे देऊन कोणीही लावू शकतो.

ॲप उतरवा म्हटलं की थांबा

इथपर्यंत फक्त बोलणं झालेलं असतं, तुमचं काहीही गेलेलं नसतं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, विंडोजमधलंच ‘क्विक असिस्ट’, यांपैकी काहीतरी उघडायला सांगतात आणि त्यातला आकडा विचारतात, किंवा क्विक असिस्ट असेल तर स्वतःकडचा कोड त्यात टाकायला लावतात. एवढं करून ‘ॲक्सेप्ट’ दाबलं की घराची किल्ली दिली.

ही ॲप्स वाईट नाहीत. मी रोज वापरतो. पाचगणीच्या एका हॉटेलचं बिलिंग सॉफ्टवेअर मी साताऱ्यात बसून दुरुस्त करतो ते एनीडेस्कवरच. फरक इतकाच की त्यांनी मला फोन केलेला असतो, माझं तोंड ओळखीचं असतं, आणि काम संपलं की मी त्यांना ॲप बंद करायला लावतो. तुम्हीही कोणाला असं आत घेतलंत तर आधी बँकेची, ईमेलची पानं बंद करा, काम संपेपर्यंत पडद्यासमोरून उठू नका, आणि मध्येच पडदा काळा झाला तर वायफाय तोडा. या ॲप्सना पडदा काळा करून मागे काम करता येतं. ठग म्हणतो ‘अपडेट चालू आहे’.

मोबाइलवर प्रकार जरा वेगळा. व्हॉट्सॲपवर एखादी एपीके फाइल, म्हणजे थेट ॲप बसवणारी फाइल येते, ‘सपोर्ट’ किंवा ‘केवायसी’ नावाची. ती घेतलीत आणि मागेल त्या परवानग्या दिल्यात की तुमचे एसएमएस, म्हणजेच ओटीपी, परस्पर पलीकडे जाऊ शकतात. प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲप घ्यायचंच नाही, एवढा एकच नियम पुरे.

पैसे परत देतो म्हणणारा

पहिल्या फसवणुकीनंतर काही महिन्यांनी दुसरा फोन येतो. आमची कंपनी बंद होतेय, तुमची फी परत करायची आहे. माणसाला बरं वाटतं. पुन्हा तेच ॲप, आणि या वेळी नेटबँकिंग उघडायला लावतात. पाच हजारांऐवजी चुकून पन्नास हजार टाकले गेले म्हणतात, खात्यात खरंच तेवढी रक्कम वाढलेली दिसते. मग रडारड. “आजी, माझी नोकरी जाईल, वरचे पैसे परत पाठवा.”

खात्यात पैसे वाढलेले दिसतात ते दोन तऱ्हांनी. एक तर पडदा काळा असताना तुमचीच एफडी मोडून किंवा दुसऱ्या खात्यातून बचत खात्यात पैसे फिरवलेले असतात. तुमचेच पैसे, डाव्या खिशातून उजव्या खिशात. नाहीतर पानावरचा आकडाच बदललेला असतो. हेही घरी करून बघा: क्रोममध्ये कुठल्याही बातमीवर राइट क्लिक करा, ‘इन्स्पेक्ट’ निवडा, शेजारी उघडलेल्या भागात त्या मथळ्याच्या अक्षरांवर दोनदा क्लिक करून तुमचं नाव टाका. वर्तमानपत्राच्या मथळ्यात तुम्ही! पान पुन्हा लोड केलं की गायब. बँकेच्या शिलकीचंही असंच होतं. म्हणून शिल्लक बघायची ती दुसऱ्या फोनवरून किंवा थेट शाखेत जाऊन.

आत घेतलं असेल, किंवा पैसे गेले असतील तर

क्रम महत्त्वाचा आहे. लोक आधी अँटिव्हायरस चालवत बसतात आणि तोवर पैसे तिसऱ्या खात्यात पोचतात.

राउटरचा प्लग काढा. माउसने काही बंद करायला जाऊ नका, माउस त्यांच्याही हातात आहे. मोबाइलवर घडलं असेल तर फ्लाइट मोड.

मग घरातल्या दुसऱ्या फोनवरून १९३० लावा. हा केंद्र सरकारचा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, वेळ आणि तुमच्या बँकेचं नाव हाताशी ठेवा. तिथून ती तक्रार संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे पुढच्या खात्यातून निघाले नसतील तर ते तिथेच रोखता येतात. म्हणून इथे तासांना किंमत आहे. लाइन लागली नाही तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाका, लागली तरी नंतर तिथे सगळी माहिती भरायचीच आहे. गुरुजी दोन दिवसांनी आले होते. मुलाला काय वाटेल, या विचारात दोन दिवस गेले. आम्ही दुकानातूनच १९३० लावला, तक्रार नोंदली, पण पैसे त्याच दिवशी तीन खात्यांतून फिरून काढले गेले होते. ते आजवर आलेले नाहीत.

लगोलग बँकेला कळवा. नेटबँकिंग, कार्ड, यूपीआय तिन्ही बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तो क्रमांक आणि वेळ का हवी, तेही सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाच्या हातून ओटीपी किंवा पिन दिला गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कुठून व्यवहार झाला असेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमची जबाबदारी शून्य. शाखेत अर्ज द्याल तेव्हा पोच घ्या. काउंटरवरचे साहेब ‘ऑनलाइन करा’ म्हणाले तरी पोच मागा.

त्यानंतर पासवर्ड, आणि ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकी बहुतेक पासवर्ड ईमेलमधूनच नव्याने मिळवता येतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये आपली पत्रं परस्पर कुठे ‘फॉरवर्ड’ होत नाहीत ना, हेही बघा. हे बघायचं बहुतेक जण विसरतात. क्रोममध्ये पासवर्ड साठवलेले असतील तर ते सगळेच उघडे पडले असं धरून चाला.

कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी. काहीही काढण्याआधी मोबाइलने पडद्याचे फोटो घ्या: ॲप, त्यातल्या नोंदी, फोन नंबर, चॅट. मग इंटरनेट न जोडता सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ उघडून तारखेनुसार लावा. त्या दिवशी आलेलं सगळं काढा. एकाच्या आडून दुसरं ॲप टाकून जायची त्यांना सवय असते. गुरुजींच्या लॅपटॉपवर मला दोन सापडली, आणि दुसऱ्याला कायमचा पासवर्ड लावलेला होता, म्हणजे कोणी ‘ॲक्सेप्ट’ न दाबताही आत येता आलं असतं. नंतर विंडोज सिक्युरिटीमधलं ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवा, पंधरा-वीस मिनिटांत होतं. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करत असाल तर मी कागदपत्रं आणि फोटो बाजूला काढून विंडोज नव्यानेच टाकतो. तेवढी शांत झोप लागते.

पोलीस ठाण्यातही जा. दुसऱ्याचं सोंग घेऊन कॉम्प्युटरमार्फत फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पैसे गेले नाहीत, नुसता फोन आला, तर ‘संचार साथी’ पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये नंबर कळवता येतो.

आणि तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, अमुक इतकी फी भरा, असा फोन आला, सायबर सेलच्या किंवा वकिलाच्या नावाने आला, तरी तो त्याच माळेचा मणी. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात.

मूल परदेशात असेल तर

हा धंदा मोठ्या प्रमाणावर चालतो तो अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियातल्या घरांवर, आणि लाजेची गोष्ट ही की त्यातले कितीतरी फोन आपल्याकडून जातात. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले तेव्हा अमेरिकन करखात्याचे अधिकारी असल्याचं सोंग घेऊन फोन करणारी शेकडो पोरं सापडली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून केलेली प्रकरणंही होती.

सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला मुलाकडे गेलेल्या आई-वडिलांना तिथे दुपारी असा फोन आला आणि पलीकडचा आवाज आपल्याकडचा निघाला की ‘आपला माणूस’ म्हणून विश्वास बसतो. तिथे पैसे गिफ्ट कार्डांतून मागतात, दुकानातून कार्ड आणा आणि मागचा नंबर खरवडून वाचा. कुठलीही खरी कंपनी असं बिल घेत नाही. नंबर वाचून झाला असेल तर कार्ड आणि पावती टाकू नका, कार्ड काढणाऱ्या कंपनीला लगेच कळवा. अमेरिकेत तक्रार फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्हे केंद्राकडे, दोन्हीकडे ऑनलाइन करता येते.

आई-वडिलांच्या मशीनवर एवढं करून ठेवा

पुढच्या गणपतीला घरी जाल तेव्हा ब्राउझरची नोटिफिकेशन्स सरसकट बंद करा, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका, पडून असलेली रिमोट ॲप्स काढा. विंडोजमधलं त्यांचं रोजचं खातं ‘ॲडमिन’, म्हणजे काहीही इन्स्टॉल करायची मुभा असलेलं नको, साधं ठेवा. याने सगळं थांबत नाही, एनीडेस्क इन्स्टॉल न करताही चालतं, पण अडसर होतो. नेटबँकिंगच्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे, एफडी वेगळ्या बँकेत. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ‘तुमचं विंडोज संपलंय’ असं कोणी फोनवर म्हणालं तर त्यातलं अर्धं वाक्य खरं असतं, आणि म्हणूनच ते जास्त पटतं. अपग्रेडचं काय करायचं ते तुम्हीच बसून ठरवा, फोनवरच्याला ठरवू देऊ नका.

मॉनिटरच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर तीनच नंबर: तुमचा, बँकेचा आणि १९३०.

गुरुजींनी चिठ्ठी लावली आहेच, शिवाय तो ‘८८८’ने सुरू होणारा नंबर वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवलाय. दिवाळीनंतर टोनर घ्यायला आले तेव्हा सांगत होते, पुन्हा फोन आला होता. तेच बोलणं, तोच गुप्त नंबर. ठेवून दिला. आतून बाईंनी विचारलं, “कोण होतं हो?”

“कोणी नाही,” गुरुजी म्हणाले, “गोत्र सांगत होते.”